पांढरी पडलेली ओळ

१

शिंप्याला सकाळी दहाला सलाईन लावली आणि साडेदहाला त्याचे दात वाजायला लागले. अकरा वाजेपर्यंत त्याच वॉर्डातले आणखी तिघे कुडकुडत होते. ते तिघे संध्याकाळपर्यंत सावरले. शिंपी सावरला नाही. त्याला काचेच्या दारामागच्या खोलीत हलवलं, आणि त्याची बायको दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली.

त्या बाटल्या ज्या बॅचच्या होत्या, ती बॅच कंपनीने परत मागवलेली होती. परत मागवलेली बॅच हॉस्पिटलच्या भांडारातल्या कॉम्प्युटरवर लाल ओळीत दिसते. बाकी सगळी यादी काळ्यावर पांढरी. लाल ओळ म्हणजे हात लावायचा नाही, हे तिथल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक. तरीही भांडार सांभाळणाऱ्या वहिनींनी सव्वाआठला त्याच बॅचचा खोका वॉर्डात पाठवला होता.

वहिनी म्हणत होत्या, ओळ लाल नव्हती. मोठे डॉक्टर म्हणत होते, आपण बाराच्या आत स्वतःच्या डोळ्यांनी लाल ओळ पाहिली, आपल्यासोबत तीन विभागप्रमुखांनी पाहिली. वहिनी खोटं बोलतात हे उघड होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला चौकशी बसणार, वहिनींच्या हातात घरी जाण्याचं पत्र पडणार, आणि नवऱ्यामागे मिळालेली ती नोकरी संपणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. फक्त एक रीत म्हणून कॉम्प्युटर तपासायला दुरुस्तीबाईंना बोलावलं.

दुरुस्तीबाई दोन बस बदलून अकराला पोचल्या. वय सत्तावन्न, पाय सुजलेले, पिशवीत पेचकस आणि नवऱ्याने बांधून दिलेला डबा. सहा वर्षांपूर्वी ही यंत्रं त्यांनीच इथे बसवली होती, यादी दाखवणारा प्रोग्रॅमही त्यांनीच लिहिला होता. तेव्हापासून प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांना त्यांची आठवण यायची, एरवी नाही.

"तासाभराचं काम आहे बाई," मोठे डॉक्टर म्हणाले. "यंत्र ठीक आहे एवढं लिहून द्या."

"बघून लिहिते," दुरुस्तीबाई म्हणाल्या. न बघता लिहिलं असतं तर बाराची बस मिळाली असती. पण सवय वाईट.

२

भांडाराची खोली एवढी अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं. टेबलाखाली दोन कॉम्प्युटर, दोन्ही जुने, युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारे. एक औषधांचा, दुसरा रोग्यांच्या पथ्याचा. टेबलावर मात्र स्क्रीन एकच, कारण दुसरी ठेवायला जागाच नव्हती. मध्ये एक पत्र्याचा डबा, त्यावर फिरवायचा नॉब. नॉब एकवर असला की स्क्रीन औषधांच्या यंत्राला जोडलेली, दोनवर असला की पथ्याच्या. लोक त्याला वाटणीचा डबा म्हणत.

वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. चाव्यांचा जुडगा आधीच काढून घेतलेला, त्यामुळे हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं.

"सांगा," दुरुस्तीबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तीन दिवस तेच सांगतेय. आठला आले. स्क्रीन लावली. वॉर्डाची मागणी होती, चाळीस बाटल्या. यादी उघडली. सगळ्यात जुनी बॅच वर असते, ती आधी काढायची. वरची ओळ पांढरी होती. काढली."

"नक्की पांढरी? घाईत होतात?"

"घाईत रोजच असते." वहिनींचा आवाज चढला नाही, त्याला चढायचं त्राणच उरलं नव्हतं. "बाई, अकरा वर्षं झाली इथे. मला लाल दिसत नाही असं म्हणता, तर डोळे तपासा. काल तेही तपासले. चांगले निघाले. म्हणजे आता मी आंधळी नाही, नुसती लबाड आहे."

"आदल्या दिवशी ही बॅच लाल होती?"

"आदल्या दिवशी परतच मागवली नव्हती. मुख्य भांडारातून रोज पहाटे फोनच्या तारेवरून नवी यादी येते. त्या पहाटेच आली म्हणतात."

दुरुस्तीबाईंनी यंत्रावर बसून यादीच्या फाईलची वेळ पाहिली. पहाटे पाच वाजून चार मिनिटं. त्यानंतर फाईलला कोणी हात लावला नव्हता. म्हणजे आठ वाजता यादीत ती बॅच 'परत मागवलेली' अशीच होती. मागाहून कोणी बदल करून वहिनींना अडकवलं, ही एकच पळवाट होती, आणि तीही बंद झाली.

वहिनींनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि न विचारताच ओळखलं.

"लिहून टाका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला बस असेल."

३

दुरुस्तीबाईंनी लिहिलं नाही. यंत्र कधी बंद पडलं, कधी सुरू झालं याची एक नोंद युनिक्स आपली आपण ठेवतं. ती काढली आणि त्या जरा सरळ बसल्या. हे यंत्र सात महिने एकदाही बंद झालं नव्हतं. आणि शिंप्याच्या दिवशी दोनदा सुरू झालेलं होतं. एकदा सात वाजून दोन मिनिटांनी, एकदा बाराला दहा कमी असताना.

सात वाजताचं उत्तर पहारेकऱ्याकडे होतं. तो गेटवर उन्हात खुर्ची टाकून बसला होता, आणि कॉम्प्युटरचं नाव काढताच त्याची पाचावर धारण बसली.

"मी काही बिघडवलं नाही हं बाई. सहाला लाईट गेली, खांबावर काम होतं. सातला आली. लाईट जाऊन आली की दोन्ही कॉम्प्युटर लावायचे, असा कागद मोठ्या डॉक्टरांनीच भिंतीला डकवलाय."

"कसे लावलेत? सगळं क्रमाने सांगा."

"खालचे दोन्ही डबे लावले. ते घुर्र घुर्र करत बसतात, फार वेळ घेतात. तोवर मी दारं उघडून आलो. मग स्क्रीन लावली. पथ्याची यादी आली, कोणाला बिनमिठाचं, कोणाला पातळ. आली म्हणजे झालं काम. स्क्रीन बंद केली. वापरात नसेल तर स्क्रीन बंद ठेवायची, असाही कागद आहे."

"तुमच्याकडे कागदच फार."

"कागदावरच तर चाललंय सगळं," पहारेकरी म्हणाला, आणि आपण जास्त बोललो की काय म्हणून गेटकडे बघायला लागला.

पथ्याचं काम बघणाऱ्या आहारबाई स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत सापडल्या. वहिनींचं आणि त्यांचं टेबलावरून गेली चार वर्षं वाकडं होतं, हे त्यांनी पहिल्या मिनिटात स्वतःच सांगून टाकलं.

"मी संध्याकाळी साडेपाचला बसते, दुसऱ्या दिवसाची यादी छापते आणि जाते. सकाळी आल्या की या तणतणतात, नॉब दोनवर का ठेवला म्हणून. अहो, फिरवा की! मनगट झिजतं का?"

"शिंप्याच्या दिवशी सकाळी भांडारात गेला होतात?"

"नाही." मग जरा थांबून, "माझं त्यांच्याशी पटत नाही, पण तुम्ही जे विचारताय ते मी केलेलं नाही. आणि खरं सांगू? त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. कटकट्या आहेत, खोट्या नाहीत."

शत्रूने दिलेलं प्रशस्तिपत्र. दुरुस्तीबाईंना ते बाकी सगळ्या जबान्यांपेक्षा जड वाटलं.

४

बाराला दहा कमीचं उत्तर खुद्द मोठ्या डॉक्टरांकडे होतं, आणि ते त्यांनी अभिमानाने दिलं.

"मीच बंद करवलं. वॉर्डातून सव्वाअकराला बोभाटा झाला. मी म्हटलं, पुराव्याला कोणी हात लावायचा नाही. भिंतीतला प्लग काढायला लावला, खोलीला कुलूप. मग तिघांना सोबत घेऊन पावणेबाराला कुलूप काढलं, सगळ्यांदेखत यंत्र चालू केलं, स्क्रीन चालू केली. लाल ओळ! लालभडक!"

"म्हणजे वहिनींनी जे पाहिलं, ते बंद करून टाकलंत."

"बंद केलं म्हणजे जपलं."

दुरुस्तीबाईंच्या मनात आलं, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वहिनी आठ वाजता ज्या यंत्रासमोर बसल्या ते सातला उठलेलं यंत्र, आणि डॉक्टरांनी पाहिलं ते बाराला उठलेलं. फाईल तीच, पण उठणं वेगळं.

त्यांना एक जुनी गोष्ट आठवली होती. ही यंत्रं उठतात तेव्हा आधी स्क्रीनची चौकशी करतात. तू रंगीत आहेस की ब्लॅक अँड व्हाइट? समोरून नीट उत्तर आलं नाही, तर यंत्र ब्लॅक अँड व्हाइट धरून चालतं. आणि एकदा धरलं की पुन्हा बंद होईपर्यंत धरलेलंच, मग पुढे रंगीत स्क्रीन आणून ठेवा नाही तर आरसा ठेवा. त्यावर चालणारे प्रोग्रॅम यंत्राला विचारतात, रंग आहेत का? यंत्र म्हणतं, नाहीत. मग ते रंग सोडून देतात. सातला पहारेकऱ्याने डबे आधी लावले, स्क्रीन नंतर. यंत्र उठलं तेव्हा स्क्रीन झोपलेली. बस्स, एवढंच.

"डॉक्टर, पाच मिनिटं या," त्या म्हणाल्या. इतक्या उत्साहाने त्या गेल्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या.

खोलीत डॉक्टर, वहिनी आणि दारात पहारेकरी. दुरुस्तीबाईंनी यंत्र नीट बंद केलं. स्क्रीनचं बटण बंद केलं. मग फक्त यंत्र लावलं, आणि ते घुर्र घुर्र करत उठेपर्यंत सगळे उभे राहिले. शेवटी स्क्रीन लावली, यादी उघडली.

वरची ओळ लाल होती. लालभडक.

"झालं समाधान?" डॉक्टर म्हणाले. वहिनींनी मान खाली घातली. दुरुस्तीबाईंचे पाय एकदम आठवण आल्यासारखे दुखायला लागले.

५

एकला सगळे जेवायला गेले. दुरुस्तीबाईंनी डबा उघडला आणि परत झाकला. आपण म्हातारे झालो, असं त्यांना स्वच्छ वाटलं. यंत्राची चाल आपल्याला कळते या एका समजुतीवर त्यांनी तीस वर्षं काढली होती.

चुकलं कुठे? बटण बंद असलं तरी स्क्रीन केबलच्या दुसऱ्या टोकाला होतीच. यंत्र दिव्याकडे बघत नाही, केबलमधून चाचपतं. झोपलेल्या माणसालाही हात लावला तर तो आहे हे कळतंच. म्हणजे नुसती बंद स्क्रीन पुरत नाही. केबलच्या टोकाला काहीच नको. पण केबल कोण काढणार? स्क्रू गंजलेले, वर्षानुवर्षं कोणी फिरवलेले नाहीत, हे त्यांनी सकाळीच पाहिलं होतं.

मग त्या पहारेकऱ्याची जबानी पहिल्यापासून मनात म्हणू लागल्या. लाईट आली. डबे लावले. दारं उघडली. स्क्रीन लावली. पथ्याची यादी आली.

पथ्याची.

औषधांची नाही, पथ्याची. म्हणजे त्या वेळी नॉब दोनवर होता. आहारबाई आदल्या संध्याकाळी रोजच्यासारखा ठेवून गेल्या, आणि आठला वहिनींनी येऊन रोजच्यासारखा फिरवला. मधल्या वेळात औषधांचं यंत्र उठलं तेव्हा त्याची केबल वाटणीच्या डब्यात येऊन तिथेच संपत होती. पुढे स्क्रीन नव्हती, काहीच नव्हतं. रोज असंच असायचं, पण रोज यंत्र उठत नव्हतं. सात महिन्यांत एकदा उठलं, ते नेमकं त्या सकाळी. मघाशी प्रयोग करताना नॉब एकवर होता. बाराला डॉक्टरांच्या वेळीही एकवर, कारण शेवटचं काम वहिनींनी केलेलं.

त्यांनी नॉब दोनवर नेला, यंत्र बंद करून लावलं, आणि ते उठल्यावर नॉब एकवर आणला. यादी उघडली.

यादीतल्या सगळ्याच्या सगळ्या ओळी पांढऱ्या होत्या.

कोडं सुटल्याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता, आणि क्षणभर झालाही. मग त्या वरच्या ओळीकडे बघत राहिल्या. बाकी ओळींसारखीच ती एक साधी ओळ, पुढे ना खूण, ना फुली. त्यांनी आपला सहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम उघडला. रंग नसतील तर काय करायचं, ही जागा त्यात होती. तिथे एकच सूचना होती: रंगाचा भाग सोडून पुढे जा. शेजारी त्यांनी तेव्हा स्वतःसाठी टिपण लिहून ठेवलं होतं, की आता ब्लॅक अँड व्हाइट स्क्रीन कोण वापरतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळपासून त्या सगळ्यांना विचारत फिरल्या होत्या, एक जबानी सोडून.

६

चारच्या चौकशीत त्यांनी तोच प्रयोग तिघा विभागप्रमुखांसमोर दोनदा केला. यंत्र उठताना नॉब दोनवर, ओळ पांढरी. नॉब एकवर, लाल. दुसऱ्यांदा पांढरी झाली तेव्हा एका प्रमुखांनी चष्मा पुसून परत लावला.

वहिनी भिंतीला टेकून रडल्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता.

मोठ्या डॉक्टरांना बुडत्याला काठ सापडावा तसं झालं. "म्हणजे यंत्राचा दोष! कोणा माणसाचा नाहीच. उत्तम. तसं लिहून देता ना बाई? 'यंत्राने स्क्रीन चुकीची ओळखली.' एवढं पुरे. वहिनी, चाव्या घ्या."

एवढं खरोखरच पुरे होतं. दुरुस्तीबाईंची पिशवी खांद्याला होती, पाचची बस होती. यंत्र बिचारं कशाला नाही म्हणतंय! पुढच्या महिन्यात त्यांच्या करारावर याच डॉक्टरांची सही व्हायची होती.

तेवढ्यात वहिनींनी डोळे पुसले. "एक विचारू? मला यातलं कळत नाही. यंत्राला वाटलं रंग दाखवता येत नाही. ठीक. पण ही बॅच वाईट आहे हे तर त्याला ठाऊक होतं ना? मग दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगायचं. फुली मारायची. खोका पाठवताना अडवायचं. ते गप्प का बसलं?"

प्रश्न कोणाला आहे हे तिथे फक्त एकीला माहीत होतं.

"कारण तसं सांगायला मी त्याला शिकवलं नव्हतं," दुरुस्तीबाई म्हणाल्या. "प्रोग्रॅम माझा आहे. रंग नसेल तर काय करायचं, हे लिहायची वेळ आली तेव्हा मी आळस केला. दहा मिनिटांचं काम होतं."

"अहो बाई, एवढं खोलात कशाला..." डॉक्टर म्हणाले.

"वहिनींना तीन दिवस खोलात ढकललंत, तेव्हा 'कशाला' म्हणाला नाहीत." त्या खाली बसल्या आणि अहवाल लिहिला. पाच ओळी. पहारेकऱ्याचं नाव नाही, आहारबाईंचं नाही. शेवटच्या ओळीत स्वतःचं, आणि खाली सही. डॉक्टरांनी कागद असा धरला जणू तो ओला आहे.

वहिनींनी चाव्या कमरेला खोचल्या. त्यांनी आभार मानले नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत.

"वर शिंप्याची बायको बसलीय," त्या म्हणाल्या. "तिला माझं नाव सांगितलंय सगळ्यांनी. मी रोज तिच्यासमोरून जाते. आता तुम्ही जाऊन सांगा."

"तुम्ही याल सोबत?"

"नाही."

७

जिना दोन मजल्यांचा होता आणि दुरुस्तीबाईंना तो पुरला नाही, काय बोलायचं हे ठरायच्या आतच संपला.

काचेच्या दारामागे शिंपी नळ्यांमध्ये झोपलेला दिसत होता. बाकावर त्याची बायको, मांडीवर नवऱ्याचा घडी केलेला सदरा. दुरुस्तीबाई तिच्या शेजारी बसल्या आणि सगळं सांगितलं. नॉब, वीज, पांढरी ओळ, आळस. काही वगळलं नाही, आणि स्वतःची बाजूही घेतली नाही. भांडारातल्या वहिनींची चूक नव्हती, हे दोनदा सांगितलं.

"डॉक्टर काय म्हणतात?" शेवटी दुरुस्तीबाईंनी विचारलं.

"उद्या कळेल म्हणतात. रोज उद्याच म्हणतात."

"मी माफी मागायला आले."

शिंप्याच्या बायकोने सदऱ्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. मग तिने विचारलं, "ते आता नीट झालंय का?"

"काय?"

"तुमचं ते. आता परत लाईट गेली आणि आली, तर खालच्या बाईंना कळेल का, कुठली बाटली वाईट ते?"

दुरुस्तीबाईंनी तोंड उघडलं. चौकशी झाली होती, अहवाल झाला होता, सही झाली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून केलं नाही."

बाईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं.

"मग इथं काय बसलात?" ती म्हणाली. "जा ना खाली."

दुरुस्तीबाई कठड्याला धरून उठल्या आणि खाली गेल्या.